ऊतींमधील प्रथिनांचा नकाशा: निदान आणि उपचार यांत त्याने नेमके काय बदलते?

अनुस्वार (मूळ प्रश्न)

नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाच्या लघवीतून गेले काही महिने बरीच प्रथिने जात होती, म्हणून त्याच्या मूत्रपिंडाची बायोप्सी करण्यात आली. अहवालात असे लिहिले आहे की काँगो रेड या रंगद्रव्याची चाचणी सकारात्मक आली असून ऊतीत अमायलॉइड साचलेले आहे. मात्र ते कोणत्या प्रथिनापासून बनले आहे हे नेहमीच्या तपासणीतून ठरवता आलेले नाही आणि त्यासाठी नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या तपासणीकडे, पाठवला आहे. त्याच्या रक्तात एका प्रकारच्या लाइट चेनचे, म्हणजे प्रतिपिंडाच्या एका लहान घटकाचे, प्रमाण थोडे वाढलेले असल्याचे आधीच दिसले होते. तरीही रक्तरोगतज्ज्ञांनी उपचार सुरू न करता ऊतीचा अहवाल येईपर्यंत थांबायला सांगितले आहे. हे थांबणे आम्हा सगळ्यांना जड जाते आहे, म्हणून निदान त्यामागचे कारण तरी समजून घ्यावे असे वाटले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रथिने, पेशी, ऊती या शब्दांची मला ओळख आहे, पण निदानाच्या या बाजूची काहीच माहिती नाही. वाचू लागलो तेव्हा ऊतींमधील प्रथिनांचे नकाशे तयार करण्याविषयी बरेच लेखन सापडले. त्यातले काही अतिशय आशादायक आहे, तर काही इतके तांत्रिक आहे की ते प्रयोगशाळेपुरते आहे की रुग्णापर्यंत पोहोचले आहे हेच कळत नाही.

रक्तात संशयास्पद प्रथिन सापडलेले असताना तेच ऊतीत पुन्हा का शोधावे लागते, हा माझा पहिला प्रश्न. प्रथिन आहे एवढे कळणे पुरेसे का नसते, ते ऊतीत कोठे आहे याला एवढे महत्त्व का, हा दुसरा. आणि या नकाशांमुळे एखाद्या रुग्णाचे उपचार खरोखर बदलले आहेत का, हा तिसरा. जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन.

काचपट्टी

मी विकृतिशास्त्राची डॉक्टर असून माझे बरेचसे काम मूत्रपिंडाच्या बायोप्सींवर चालते. आपल्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या उपचारांविषयी काही बोलणे मला उचित वाटत नाही. पण त्यांच्या डॉक्टरांनी थांबायला का सांगितले असावे, त्यामागचा विचार सांगू शकते, आणि तो विचार मला योग्य वाटतो.

अमायलॉइड हे कोणत्याही एका प्रथिनाचे नाव नाही. घडी चुकलेल्या प्रथिनाचे रेणू एकावर एक रचले जाऊन त्यांचे तंतू बनतात आणि ते ऊतीत साचत जातात. त्या साचलेल्या पदार्थाला आपण अमायलॉइड म्हणतो. तीसहून अधिक मानवी प्रथिने अशा रीतीने साचू शकतात. काँगो रेडने ती सगळी सारखीच लाल रंगतात, ध्रुवित प्रकाशात सगळी सारखीच हिरवी चमकतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांचे तंतू साधारण १० नॅनोमीटर जाडीचे, फाटे न फुटलेले असे दिसतात. म्हणजे डोळ्यांना रोगाची खूण दिसते, त्याचे मूळ दिसत नाही; उपचार मात्र त्या मुळावरच ठरतात. लाइट चेनपासून बनलेले अमायलॉइड असेल तर अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींना, म्हणजे प्रतिपिंडे आणि त्यांच्या लाइट चेन बनवणाऱ्या पेशींना, आवर घालणारी औषधे द्यावी लागतात. रक्तातले ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन असेल तर त्या प्रथिनाची रचना स्थिर ठेवणारी किंवा यकृतात त्याची निर्मिती रोखणारी औषधे आहेत. दीर्घकाळ चाललेल्या दाहामुळे सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन साचले असेल तर त्या दाहाचे कारण शोधून त्यावर उपचार करावे लागतात. एलईसीटी२ हे प्रथिन तर मूत्रपिंडातील अमायलॉइडमध्ये २००८ साली पहिल्यांदा ओळखले गेले. त्यापूर्वीच्या अशा रुग्णांवर कोणते उपचार झाले असतील, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

आता रक्ताविषयी. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या रक्तात एकाच साच्यातील प्रतिपिंड वाढलेले आढळते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यामुळे आयुष्यभर काही त्रास होत नाही. म्हणून रक्तात लाइट चेन वाढलेली असणे आणि मूत्रपिंडात साचलेले अमायलॉइड त्याच लाइट चेनचे असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दोन्ही एकाच माणसात योगायोगानेही आढळू शकतात. असा योगायोग ओळखला गेला नाही, तर ज्या रुग्णाला प्लाझ्मा पेशींवरील औषधांची गरजच नव्हती, त्याला ती कष्टदायक औषधे दिली जातात आणि मूळ रोग तसाच पुढे जात राहतो. हे घडलेले आहे. म्हणूनच या बाबतीत आम्ही आग्रही असतो.

प्रतिपिंडांचा वापर करून ऊतीतच लाइट चेन शोधण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिने अनेकदा उत्तर मिळते. पण अमायलॉइडमधील लाइट चेन बहुधा तुटलेली आणि विकृत घडीची असते, त्यामुळे नेहमीच्या लाइट चेनविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड तिला कधीकधी ओळखतच नाही. शिवाय रक्तद्रवातली प्रथिने ऊतीत झिरपलेली असतात, त्यामुळे सगळीकडेच थोडा थोडा रंग दिसतो. मास स्पेक्ट्रोमेट्रीचा उपयोग येथे होतो. काँगो रेडने रंगवलेल्या ऊतीच्या पातळ कापात अमायलॉइड जेथे आहे तेवढाच भाग सूक्ष्मदर्शकाखाली लेझरने कोरून वेगळा काढतात, ट्रिप्सिन या विकराने त्यातल्या प्रथिनांचे लहान तुकडे करतात आणि त्या तुकड्यांच्या वस्तुमानांवरून मूळ प्रथिने ओळखतात. येथे प्रथिन आधी गृहीत धरून ते आहे का, असे विचारावे लागत नाही. जे आहे ते सगळेच समोर येते. अमायलॉइडसोबत नेहमी सापडणारी अपोलिपोप्रोटीन ई आणि सीरम अमायलॉइड पी यांसारखी प्रथिने त्या यादीत असली, तर कोरलेला तुकडा योग्य जागेचा होता याचीही खात्री पटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयातील गटाने ही पद्धत २००९ साली सविस्तर मांडली आणि आज ती अमायलॉइडचा प्रकार ठरवण्याची सर्वांत भरवशाची पद्धत मानली जाते. आपण वाचलेल्या नकाशांपैकी रुग्णापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचलेला हा एक नकाशा आहे.

आपला दुसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण माझे रोजचे कामच त्यावर उभे आहे. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत आम्ही आयजीजी या प्रतिपिंडासाठी चमकणारे रंग वापरतो. गाळणीच्या पडद्यावर ते सलग, रेघ ओढावी तसे दिसले, तर शरीर त्या पडद्यावरच हल्ला करते आहे असा अर्थ होतो आणि ती तातडीची स्थिती असते. तेच प्रतिपिंड दाण्यादाण्यांनी दिसले तर रोग वेगळा, वेग वेगळा आणि उपचारही वेगळे. दोन्ही अहवालांत आयजीजी सकारात्मक असेच लिहिले जाईल. फरक फक्त ते कसे आणि कोठे बसले आहे यात आहे. त्वचेवर फोड येणाऱ्या रोगांतही असेच आहे: पेम्फिगसमध्ये प्रतिपिंड पेशीपेशींच्या मधल्या फटींत जाळ्यासारखे दिसते आणि बुलस पेम्फिगॉइडमध्ये ते बाह्यत्वचेच्या तळाशी एका रेषेत दिसते.

पेशीच्या आतही जागेचा अर्थ बदलतो. न्यूक्लिओफॉस्मिन हे प्रथिन एरवी मुख्यतः केंद्रकात असते. २००५ साली असे दाखवण्यात आले की तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेल्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये ते केंद्रकाबाहेर पेशीद्रवात आलेले असते, आणि त्यामागे त्याच्या जनुकातील ठरावीक उत्परिवर्तन असते. त्या पेशी दळून त्यांतील न्यूक्लिओफॉस्मिन केवळ मोजले असते, तर ते आपल्या जागेवरून हलले आहे हे कळलेच नसते. रक्ततपासणीत आणि ऊतीच्या तपासणीत मुख्य फरक हाच आहे.

अनुस्वार

काचपट्टी, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. रक्तातली आणि ऊतीतली प्रथिने या दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात, हे मला कोणीच इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. आज रात्री भावाला हे वाचून दाखवणार आहे.

त्यातून एक उपप्रश्न मनात आला. प्रथिनाची जागा पाहणे जर इतके जुने असेल, तर आता नव्याने काय होते आहे? नेचर मेथड्स या नियतकालिकाने २०२४ सालची पद्धत म्हणून याच विषयाची निवड केली असे वाचले. त्यात नवे नेमके काय आहे?

पेशीशेजार

मी अशा प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण करतो, म्हणून या उपप्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

जुन्या पद्धतीत एका कापावर एक, फार तर दोन-चार प्रथिने पाहता येत. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडण्याची कल्पना अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली प्रत्यक्षात आणली, पण रंगांचे वर्णपट एकमेकांत मिसळतात, त्यामुळे चार-पाच रंगांच्या पुढे एका वेळी जाता येत नव्हते. आता ही मर्यादा दोन वाटांनी ओलांडली गेली आहे. एका वाटेत रंगांऐवजी प्रतिपिंडांना दुर्मीळ मृदा धातूंचे अणू जोडतात. शरीरात हे धातू जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वस्तुमाने एकमेकांत मिसळत नाहीत. मग लेझरने ऊतीचा एक एक मायक्रोमीटरचा ठिपका उडवून त्या ठिपक्यात कोणते धातू किती आहेत हे मोजतात, किंवा आयनांचा झोत वापरून तेच करतात. या दोन्ही पद्धती २०१४ साली प्रसिद्ध झाल्या आणि त्यांनी एकाच कापावर चाळीसच्या आसपास प्रथिने पाहता येऊ लागली. दुसऱ्या वाटेत दोन-तीन रंग लावून छायाचित्र घेतात, ते रंग काढून टाकतात, पुढचे दोन-तीन लावतात, आणि असे अनेक फेऱ्यांनी करत जातात. दोन्ही वाटांच्या शेवटी हजारो किंवा लाखो पेशींची यादी हाती येते, आणि प्रत्येक पेशीसमोर तिची जागा व तिच्यातील प्रथिनांची मोजमापे असतात.

यादी हाती आली की प्रश्नच बदलतात. गाठीत किती रोगप्रतिकारक पेशी आहेत एवढे न विचारता, त्या कोणाच्या शेजारी आहेत असे विचारता येते. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या (संप्रेरकांचे दोन ग्राही आणि हर-२ ही तिन्ही प्रथिने नसलेल्या) स्तनकर्करोगाच्या ४१ रुग्णांच्या गाठींचा ३६ प्रथिनांच्या आधारे केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही गाठींमध्ये रोगप्रतिकारक पेशी कर्कपेशींमध्ये मिसळलेल्या होत्या. काहींमध्ये दोघींचे वेगवेगळे कप्पे पडले होते आणि त्यांच्यामध्ये स्पष्ट सीमा होती. रोगप्रतिकारक पेशी आत घुसलेल्या असणे चांगले, असे कोणालाही वाटेल; माझाही तोच समज होता. पण कप्पे पडलेल्या गाठी असणाऱ्या रुग्णांचे आयुर्मान मिसळलेल्या गाठींच्या रुग्णांपेक्षा चांगले आढळले. रोगप्रतिकारक पेशींना थोपवून धरणारे पीडी-एल१ हे प्रथिनही मिसळलेल्या गाठींत मुख्यतः कर्कपेशींवर होते, तर कप्पे पडलेल्या गाठींत ते मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर होते. गाठीतील पीडी-एल१चे सरासरी प्रमाण सांगणाऱ्या अहवालात हा फरक दिसला नसता. अर्थात ४१ हा आकडा लहान आहे, आणि एवढ्यावरून कोणाचे उपचार ठरवता येत नाहीत.

मोठ्या संख्येवर तपासलेले उदाहरण म्हणजे आतड्याच्या कर्करोगातील इम्युनोस्कोर. फ्रान्समधील जेरोम गॅलों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली असे दाखवले की टी पेशींची (रोगप्रतिकारक पेशींच्या एका प्रकाराची) संख्या गाठीच्या मध्यभागी आणि गाठीच्या आक्रमक कडेवर अशी वेगवेगळी मोजली, तर रोग उलटण्याची शक्यता नेहमीच्या टप्प्यांच्या वर्गीकरणापेक्षा अधिक चांगली सांगता येते. पुढे २०१८ साली अनेक देशांतील अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर ही पद्धत पडताळण्यात आली. यात टी पेशींची ओळख पटवणारी सीडी३ आणि सीडी८ ही दोनच प्रथिने आणि दोनच जागा आहेत. चाळीस प्रथिनांचे नकाशे काढण्यात माझा दिवस जातो, तरीही मला हे साधे उदाहरण फार मोलाचे वाटते.

तिसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे उपचार बदलले का यासाठी, मी २०२४ सालचे एक काम सांगेन. टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस ही औषधाच्या प्रतिक्रियेतून उद्भवणारी भयंकर स्थिती आहे. त्वचेचा वरचा थर भाजल्यासारखा सुटून येतो आणि सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत माथियास मान यांच्या गटाने काही वर्षांपूर्वी एक पद्धत तयार केली होती. तिच्यात संगणक सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमेतून हव्या त्या प्रकारच्या पेशी निवडतो, लेझर त्या एकेक करून कापतो आणि गोळा झालेल्या पेशींतील हजारो प्रथिने मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजली जातात. ही पद्धत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या जतन केलेल्या त्वचेच्या नमुन्यांवर वापरली. त्वचेच्या पेशींमध्ये आणि तेथे आलेल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये इंटरफेरॉन या रोगप्रतिकारक संदेशवाहकाचा आणि जेएके-स्टॅट या पेशीतील संदेशमार्गाचा जोर त्यांना दिसला. जेएके रोखणारी औषधे संधिवातासारख्या रोगांसाठी आधीपासूनच वापरात होती. आधी उंदरांवर प्रयोग करून नंतर ती सात रुग्णांना देण्यात आली आणि ते सातही जण बरे झाले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे अंतिम उत्तर नाही. पण प्रथिनांच्या नकाशावरून थेट औषधाची निवड झाली आणि रुग्ण वाचले, असे हे उदाहरण आहे, आणि ते वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होतो.

जनुकांची तपासणी आता एवढी सहज होते, मग प्रथिनांच्या मागे का लागायचे, असे कोणी विचारील म्हणून एक गोष्ट नोंदवतो. पेशीत एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे यावरून त्याचे प्रथिन किती आहे हे नेहमी नीट सांगता येत नाही, आणि ते कोठे आहे हे तर मुळीच सांगता येत नाही. बहुतेक औषधे प्रथिनांवर काम करतात. निरोगी ऊतींत कोणते प्रथिन कोठे असते हे ज्यांना स्वतः पाहायचे असेल, त्यांनी स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झालेला ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास अवश्य पाहावा. २०१५ साली त्याचा ऊतींविषयीचा मुख्य भाग प्रसिद्ध झाला आणि त्यातील लाखो प्रतिमा सर्वांना मोफत पाहता येतात. विज्ञानाच्या शिक्षकाला तर तो वर्गातही दाखवता येईल.

मेणाचा ठोकळा

वरील दोन्ही उत्तरे मी काळजीपूर्वक वाचली. मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि बायोप्सीचा तुकडा आल्यापासून त्याची काचपट्टी तयार होईपर्यंतचे काम माझ्या हातून होते. नकाशांविषयी बोलताना या टप्प्याकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून लिहीत आहे.

ऊती शरीराबाहेर आली की तिच्यातली प्रथिने लगेच बदलू लागतात. फॉर्मॅलिनमध्ये ती किती लवकर पडली आणि किती वेळ राहिली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. स्तनकर्करोगाच्या तपासणीसाठी तर याचे नियमच आहेत: नमुना काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला पाहिजे. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते. त्यामुळे ती टिकतात, पण प्रतिपिंडाला ओळखता यावी अशी त्यांची जागा झाकली जाते. १९९१ साली असे दाखवण्यात आले की मेणात घातलेल्या ऊतीचे काप द्रावणात उकळले तर झाकलेल्या जागा पुन्हा उघड्या होतात, आणि तेव्हापासून जुन्या ठोकळ्यांतली असंख्य प्रथिने पाहता येऊ लागली. पण उकळण्याची वेळ आणि द्रावणाची आम्लता प्रत्येक प्रतिपिंडासाठी वेगळी ठरवावी लागते. चाळीस प्रतिपिंडे एकत्र वापरताना सर्वांना मानवेल अशी एकच रीत शोधावी लागते, आणि त्यात काहींची कामगिरी पूर्वीसारखी राहत नाही.

एकदा आमच्याकडे आलेल्या एका नमुन्याच्या संपूर्ण कापात अपेक्षित प्रथिन कोठेच दिसेना. गाठीच्या शेजारच्या निरोगी ऊतीत ते असायलाच हवे होते, पण तेथेही दिसत नव्हते. चौकशी केल्यावर कळले की नमुना बराच वेळ कोरडाच राहिला होता. शेजारची निरोगी ऊती कापात होती म्हणून चूक लक्षात आली; नाहीतर प्रथिन नाही असाच अहवाल गेला असता आणि त्या रुग्णाला त्या प्रथिनावरचे औषध मिळाले नसते. तेव्हापासून कोणत्याही काचपट्टीवर मी गाठीकडे पाहण्याआधी शेजारची निरोगी ऊती पाहतो.

हर-२ या प्रथिनाचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. स्तनकर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के गाठींमध्ये ते पेशीपटलावर फार मोठ्या प्रमाणात असते, आणि त्यावरचे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आहे. शून्यापासून ३ पर्यंतच्या श्रेणीत ३ म्हणजे सकारात्मक, २ असेल तर जनुकाची वेगळी चाचणी, आणि ० व १ म्हणजे नकारात्मक, अशी वाटणी होती. ० आणि १ यांतल्या फरकाने उपचारांत काहीच बदल होत नव्हता, त्यामुळे त्याकडे कोणी बारकाईने पाहत नसे. २०२२ साली एका मोठ्या चाचणीत असे दिसले की ट्रास्टुझुमॅबला कर्कपेशी मारणारे रसायन जोडून बनवलेल्या नव्या औषधाचा फायदा, रोग शरीरात पसरलेल्या आणि श्रेणी १ किंवा जनुकाची चाचणी नकारात्मक असलेली श्रेणी २ असणाऱ्या रुग्णांनाही होतो. एका दिवसात ० आणि १ यांमधली पुसट रेषा महत्त्वाची झाली, आणि त्याच रेषेवर दोन अनुभवी डॉक्टरांचेही अनेकदा एकमत होत नाही असे दिसून आले. जे प्रथिन आम्ही पंचवीस वर्षे रोज पाहत आलो त्याची ही स्थिती आहे. मग चाळीस नव्या प्रथिनांच्या नकाशावरून उपचार ठरवण्याआधी किती पडताळणी लागेल याचा विचार व्हायला हवा. प्रतिपिंड खरोखर त्याच प्रथिनाला चिकटते का, हे तपासल्याशिवाय काढलेला नकाशा सुंदर दिसेल, पण चुकीचा असेल.

पेशीशेजार

आपल्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात माझ्या बाजूची एक भर घालतो. काप साधारण ४ ते ५ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि पेशी बहुधा १० ते २० मायक्रोमीटरची असते. म्हणजे आपण पेशीची चकती पाहतो, पूर्ण पेशी नव्हे. दाट वस्तीच्या ऊतीत एका पेशीची सीमा संगणकाने चुकीची आखली की शेजारणीचे प्रथिन तिच्या नावावर जमा होते, आणि मग एकाच पेशीवर टी पेशीची आणि कर्कपेशीची अशी दोन्ही प्रथिने असल्याची नोंद होते. सीमा ओळखण्याची साधने गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहेत, तरी अशा अशक्य पेशी मला जवळजवळ प्रत्येक नमुन्यात सापडतात आणि त्या हाताने तपासाव्या लागतात.

काचपट्टी

मेणाचा ठोकळा यांनी मांडलेली चिंता रास्त आहे. म्हणूनच, माझ्या मते, या मोठ्या नकाशांचा बहुतेक रुग्णांना होणारा उपयोग वेगळ्या वाटेने होईल. मूत्रपिंडाच्या फायब्रिलरी ग्लोमेरुलोनेफ्रायटिस या रोगाचे निदान अनेक वर्षे केवळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर अवलंबून होते, आणि तो सर्वत्र उपलब्ध नसतो. लेझरने गाळण्या कोरून त्यांतली प्रथिने मास स्पेक्ट्रोमेट्रीने पाहिली, तेव्हा डीएनएजेबी९ हे प्रथिन या रोगात विपुल आणि इतर रोगांत जवळजवळ नाही असे आढळले. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आता त्या एका प्रथिनाचे साधे प्रतिपिंड वापरून, नेहमीच्या काचपट्टीवर, नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते निदान करता येते. महागडे यंत्र एकदा वापरले गेले आणि त्यातून मिळालेले एक प्रथिन साध्या प्रयोगशाळांच्या हाती आले. प्रत्येक रुग्णासाठी चाळीस प्रथिनांचा नकाशा काढावा लागेल असे मला वाटत नाही. त्या चाळिसांतली कोणती दोन पुरेशी आहेत हे नकाशाने सांगावे, अशी माझी अपेक्षा आहे.

अनुस्वार

सर्वांचे आभार. डीएनएजेबी९ची गोष्ट वाचून मला या विषयाची दिशा समजली. आता फक्त एक व्यावहारिक प्रश्न राहतो. अहवाल आल्यावर डॉक्टरांना आम्ही काय विचारावे, आणि उत्तर स्पष्ट आले नाही तर पुन्हा बायोप्सी करावी लागेल का? भावाला पहिल्या वेळी रक्तस्राव झाला होता, त्यामुळे त्याला त्याची फार भीती वाटते.

काचपट्टी

प्रथिनाचे नाव काय आले, ते कोरलेल्या सर्व नमुन्यांत सारखेच मिळाले का, आणि अमायलॉइडसोबत सापडणारी प्रथिने त्यात होती का, हे अवश्य विचारा. लाइट चेन निघाली तर ती कॅपा आणि लॅम्डा या दोन प्रकारांपैकी कोणती, आणि रक्तात वाढलेली तीच आहे का, हेही विचारा. ट्रान्सथायरेटिनसारखे प्रथिन निघाले तर ते आनुवंशिक प्रकारचे आहे का यासाठी जनुकाची तपासणी सुचवली जाऊ शकते, आणि तसे असल्यास आपण भाऊ म्हणून स्वतःविषयीही बोलून घ्यावे.

पुन्हा बायोप्सी बहुधा लागत नाही. बायोप्सीची ऊती ज्यात बसवलेली असते तो मेणाचा ठोकळा वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यातून आणखी काप घेता येतात. तो सध्या कोणाकडे आहे आणि त्यात ऊती किती उरली आहे, एवढे उद्याच फोन करून विचारून ठेवा. ठोकळ्यातली ऊती संपली असेल, तरी काँगो रेड लावलेल्या जुन्या काचपट्ट्यांवरूनही काही प्रयोगशाळा ही तपासणी करू शकतात. तेही शक्य नसेल तर पोटावरच्या त्वचेखालील चरबीचा नमुना सुईने घेऊन त्यात अमायलॉइड सापडते का, हे पाहता येते. त्यात रक्तस्रावाचा धोका मूत्रपिंडाच्या बायोप्सीपेक्षा फार कमी असतो. पहिल्या वेळच्या रक्तस्रावाची माहिती मात्र डॉक्टरांना आठवणीने द्या, कारण काही प्रकारच्या अमायलॉइडमध्ये रक्त गोठण्यातही दोष निर्माण होतो आणि त्यांना ती गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे.